नाशिकमधून पहिल्यांदा स्नोबोर्डिंगला निघालाय? मग बोर्ड सगळ्यात शेवटी बघा

नोव्हेंबर लागला की ट्रेकच्या ग्रुपवर एक तरी मेसेज येतोच, "जानेवारीत गुलमर्गला जातोय, कुठला बोर्ड घेऊ?" आणि सोबत एक लिंक, लिंकमध्ये भारी ग्राफिकवाला बोर्ड, खाली लाल अक्षरात डिस्काउंट. माझं उत्तर दरवेळी तेच, की भाऊ आत्ता बोर्ड घेऊच नको, आधी पाय मोज. लोकांना वाटतं मी खेचतोय. पण स्नोबोर्डच्या सगळ्या सामानात बोर्ड ही सगळ्यात सहज भाड्याने मिळणारी आणि थोडा इकडेतिकडे झाला तरी निभावून जाणारी गोष्ट आहे, बूट मात्र चुकला की अख्खी ट्रिप हॉटेलच्या हीटरसमोर पाय शेकत जाते. आणि आपण खरेदी नेमकी उलटी करतो कारण बोर्ड फोटोत छान दिसतो, बुटाचा फोटो कोण टाकतंय.

त्यात आपली नाशिकची अडचण अशी की सायकल घ्यायची तर दहा दुकानं फिरून, चालवून बघता येते, ट्रेकिंगचे शूज घालून बघता येतात, पण स्नोबोर्ड हातात घेऊन बघायची सोय गावात नाही. म्हणजे जे काही घ्याल ते एकतर ऑनलाइन, नाहीतर दिल्ली-मनाली-गुलमर्गच्या दुकानात घाईघाईत. म्हणून घरबसल्या जेवढं मोजून, ठरवून ठेवता येतं तेवढं ठेवा, तेच खाली क्रमाने लिहितोय.

१. आधी कुठे आणि केव्हा जायचं ते ठरवा

भारतात नवशिक्यासाठी नावं तीनच, गुलमर्ग, औली आणि मनालीजवळचं सोलंग. सोलंगचा उतार लहान आहे आणि पर्यटकांची गर्दी चिकार, एकदोन दिवस हात मारून बघायला ठीक. औलीचे उतार शिकायला चांगले, पण जानेवारी २०२३ मध्ये जोशीमठची जमीन खचली तेव्हा तिथला रोपवे बंद झाला, त्यामुळे तिकडे जायचं तर रस्त्याने वर जायचं धरूनच प्लॅन करा. उरलं गुलमर्ग, आणि खरं सांगायचं तर बोर्डवाल्यांची गाडी शेवटी तिथेच जाऊन थांबते.

गुलमर्गमध्ये दोन वेगळी जगं आहेत. खाली साधारण २,६५० मीटरवर गावाजवळचे सौम्य उतार, ओढून वर नेणारी ड्रॅग लिफ्ट, शिकवणारे, गरम चहा. आणि वर गोंडोला, म्हणजे डब्यांचा रोपवे. पहिला टप्पा कोंगडोरीपर्यंत आणि दुसरा अफरवतच्या अंगावर जवळपास ३,९५० मीटरपर्यंत. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, म्हणजे गोंडोला तुम्हाला काही मिनिटांत त्याच्या दुपटीहून वर नेऊन सोडतो, आणि तिथून खाली आहे तो मोकळा, खोल, न दाबलेला बर्फ. जगभरातले लोक त्याच बर्फासाठी येतात. पण पहिल्या आठवड्यात तुमचं तिथे काही काम नाही, त्यामुळे त्यांच्या हातातले लांबलचक पावडर बोर्ड, म्हणजे अशा खोल भुसभुशीत बर्फासाठीचे, बघून "मला पण असाच पाहिजे" असं मनात आणू नका.

तारखांचं म्हणाल तर २१ डिसेंबरपासूनचे चाळीस दिवस म्हणजे काश्मीरचा चिल्लई कलां, थंडी कडाक्याची, बर्फ बहुतेक वेळा चांगला, पण खात्री कशाचीच नाही. जानेवारी २०२४ मध्ये गुलमर्ग जवळजवळ कोरडं होतं, सगळ्या देशाने ते फोटो बघितले. शिकायला माझ्या मते फेब्रुवारीचा शेवट ते मार्चची सुरुवात बरी, बर्फ साठलेला असतो आणि थंडी जरा माणसात असते.

२. कुठला पाय पुढे?

हे घरीच करायचं. बोर्डवर आपण आडवे उभे राहतो, एक पाय पुढे. डावा पुढे असेल तर रेग्युलर, उजवा पुढे असेल तर गूफी. उजव्या हाताने लिहिता म्हणून रेग्युलर असं काही नसतं. सॉक्स घालून गुळगुळीत फरशीवर थोडं धावत येऊन घसरा, आपोआप जो पाय पुढे गेला तो तुमचा पुढचा. किंवा कोणाला तरी न सांगता मागून हलकंसं ढकलायला लावा आणि सावरायला कुठला पाय पुढे पडतो ते बघा. चार-पाच वेळा करा, एकदा असं एकदा तसं आलं तर टेन्शन नाही, दोन्ही करून बघायचं. दुकानवाला पहिलं हेच विचारतो आणि लोक तिथे एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसतात.

३. बूट, इथे घाई नाही आणि कंजुषीही नाही

स्नोबोर्डचे बूट स्कीच्या बुटासारखे कडक प्लास्टिकचे नसतात, मऊ असतात, आत एक वेगळा लायनर, म्हणजे मऊ अस्तराचा आतला बूट, असतो. आणि गुलमर्गच्या वाटेवर टांगमर्गला गाडी थांबवून जे लांब कोट आणि गमबूट भाड्याने गळ्यात मारतात त्यांचा आणि याचा काहीही संबंध नाही, ते फक्त बर्फात फोटो काढायला.

साइज अशी काढायची. संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहायचं, वजन दोन्ही पायांवर, सगळ्यात लांब बोटापुढे खूण, भिंतीपासून खुणेपर्यंत सेंटीमीटर मोजायचे. दोन्ही पायांचे. हा आकडा म्हणजेच तुमची मोंडो साइज, २७ सेंमी पाय असेल तर मोंडो २७. आपल्याकडे बुटांवर यूकेचा नंबर असतो आणि स्नोबोर्डच्या साइटवर बहुतेक अमेरिकन, त्यातच अर्धी गडबड होते. साधारण हिशोब म्हणजे यूके ८ म्हणजे पुरुषांचा अमेरिकन ९, म्हणजे मोंडो २७. पण कंपनीगणिक फरक पडतो, म्हणून नंबरावर न जाता सेंटीमीटरवर जा.

आता फिटिंग. ट्रेकिंगच्या शूजमध्ये आपण अर्धा-एक नंबर मोठा घेतो, उतरताना बोटं आपटू नयेत म्हणून, आणि ती सवय इथे नडते. इथे बोटांची टोकं पुढे हलकी टेकली पाहिजेत, आणि गुडघे वाकवले की किंचित मागे सरकली पाहिजेत. नवीन बूट थोडा आवळ वाटणं बरोबर, कारण लायनर काही दिवसांत दबतो आणि जागा आपसूक होते. बोटं दुमडत असतील किंवा मुंग्या येत असतील तर मात्र लहान. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे टाच. बूट पूर्ण बांधून चवड्यावर उभं राहा, टाच आत उचलली जात असेल तर तो बूट सोडून द्या, किती का स्वस्त असेना. टाच सुटली की तुम्ही पायाने जे सांगताय ते बोर्डपर्यंत पोचतच नाही, मग माणूस बूट अजून आवळतो, रक्त थांबतं, पाय गार पडतात आणि पोटऱ्या भरून येतात.

सॉक्स एकच. लांब, पातळ किंवा मध्यम, लोकरीचा किंवा सिंथेटिक. दोन-दोन जाड मोजे घातले की पाय गरम राहतात हा समज आपल्याकडे इतका पक्का आहे की विचारू नका, प्रत्यक्षात आतली हवा संपते, घडी पडते आणि पाय जास्तच गारठतात. बूट घालून बघताना पण तोच सॉक्स.

बांधायचे प्रकार तीन. साधी नाडी, ओढून लॉक होणारी स्पीड लेस, आणि गोल चकती फिरवून तार आवळणारी बोआ. बोआ ग्लव्हज घालून पण होते, मस्त वाटते, पण तार तुटली तर तिचं किट लागतं, नाडी तुटली तर गुलमर्गच्या कुठल्याही टपरीवर नाडी मिळेल. बोआ घ्यायचीच तर दोन चकत्यांची बघा, म्हणजे घोटा आणि पाऊल वेगवेगळं आवळता येतं. फ्लेक्स म्हणजे कडकपणा, नवशिक्याला मऊ ते मध्यम.

मुलींना खास सांगणं, यूके ४-५ च्या आसपासचे चांगल्या अवस्थेतले बूट भाड्याने मिळणं मुश्किल, जे मिळतात ते दोन नंबर मोठे आणि लायनर चपटा झालेला. पहिल्या ट्रिपच्या आधी स्वतःची एकच वस्तू घ्यायची म्हटली तर बूट घ्या. बायकांच्या पायाच्या आणि पोटरीच्या मापाचे वेगळे बूट येतात, तेच घ्या.

४. पहिला बोर्ड भाड्याचा, पण डोळे उघडे ठेवून

बोर्डची लांबी म्हणजे हनुवटी ते नाकाच्या मधली, हे सगळीकडे सांगतात. लगेच अंदाज घ्यायला ठीक आहे, पण बोर्डला तुमची उंची कळत नाही, वजन कळतं. वजनावर त्याचं वाकणं, कड धरणं, बर्फावर तरंगणं ठरतं. प्रत्येक कंपनी प्रत्येक साइजपुढे वजनाची रेंज देते, तीच बघायची. ढोबळ सांगायचं तर ५५-६० किलोच्या माणसाला १४५ ते १५०, ७० किलोच्या आसपास १५२ ते १५७, ८० च्या पुढे १५८ ते १६२ सेंमी. शिकताना रेंजमधला लहान बोर्ड घ्या, पटकन वळतो. सहा फूट उंच आणि साठ किलोचा काडीपैलवान असेल तर त्याला हनुवटीच्या हिशोबाने जो बोर्ड देतील तो त्याच्या काबूत येणार नाही, आणि बुटक्या पण वजनदार माणसाला लहान बोर्ड दिला तर तो बर्फात रुतत राहील.

रुंदी लोक बघतच नाहीत. बोर्डच्या मधल्या अरुंद भागाचं माप मिलिमीटरमध्ये दिलेलं असतं, वेस्ट विड्थ. मोंडो २६.५ पर्यंत साधारण २४५-२५०, २७ ते २८.५ ला २५०-२५८, आणि २९ म्हणजे यूके १० च्या पुढे २६० च्या आसपासचा वाइड बोर्ड. अरुंद बोर्डवर मोठा बूट ठेवला तर बोटं आणि टाच बाहेर येतात, वळताना बर्फाला घासतात, आणि माणूस कारण न कळता तोंडावर पडतो. उलट लहान पाय आणि रुंद बोर्ड असेल तर तो एका कडेवरून दुसऱ्या कडेवर यायला आळस करतो.

दुकानात बोर्ड घेताना कडेने अलगद बोट फिरवा, लोखंडी कड सलग आहे का, कुठे उखडलीये का, गंज किती. खालची बाजू बघा, खोल खड्डा पडून आतलं लाकूड दिसत असेल तर दुसरा मागा. बाइंडिंगचे, म्हणजे बूट बोर्डला जोडणाऱ्या पट्ट्यांच्या वस्तूचे, सगळे स्क्रू जागेवर आहेत का, पट्ट्यांचे दात झिजलेत का, पट्टी लावून जोरात ओढून बघा. आणि एक फुकटातली टीप, तीन नंबरचा जाड फिलिप्स स्क्रू ड्रायव्हर घेऊन जा, बाइंडिंगला तोच लागतो, रविवार कारंज्याच्या आसपास कुठल्याही हार्डवेअरवाल्याकडे मिळेल. उतारावर मध्येच बाइंडिंग हलायला लागली की त्या स्क्रू ड्रायव्हरची किंमत कळते.

५. बाइंडिंग कशी लावून घ्यायची

बाइंडिंग म्हणजे बूट आणि बोर्ड जोडणारी वस्तू. स्कीला पडल्यावर बूट आपोआप सुटतो, इथे सुटत नाही, दोन्ही पाय अडकलेलेच राहतात. सुरुवातीला साधी दोन पट्ट्यांची घ्या, कुठलाही स्नोबोर्ड बूट तीत बसतो, फक्त साइज बुटाला जुळली पाहिजे. बर्टनची स्टेप ऑन, ज्यात नुसता पाय दाबला की खट्‌कन बसतो, ती दिसायला लय भारी पण तिला तिचेच बूट लागतात.

बूट ठेवल्यावर बोटांकडून आणि टाचेकडून सारखाच बाहेर आला पाहिजे, साधारण एक-दोन सेंमी. घोट्याची पट्टी बुटाच्या मधोमध. दोन पायांतलं अंतर खांद्यापेक्षा किंचित जास्त, बोर्डवर मधल्या जागेची खूण असते तिथून सुरुवात. कोन म्हणाल तर पुढचा पाय अधिक १५, मागचा उणे ९ किंवा १२, म्हणजे दोन्ही पंजे थोडे बाहेर. गुडघा दुखायला लागला तर तीन-तीन अंशांनी बदलून बघा, यात पाठ करण्यासारखं काही नाही. गूफी असाल तर बाइंडिंग उलटी लावून घ्या, दुकानात बहुतेक बोर्ड रेग्युलरला लावलेले असतात आणि गर्दीत कोणी बदलून देत नाही, तुम्हीच स्क्रू ड्रायव्हर काढा.

लीश, म्हणजे बोर्ड पायाला बांधायची दोरी, लावा. सुटलेला बोर्ड उतारावरून कोणाच्या तरी पायात जाऊन घुसतो.

६. डोकं, मनगट आणि मागची बाजू

हेल्मेट स्वतःचं. सायकलचं नाही, बाइकचं नाही, स्नो हेल्मेट, ज्यावर ईएन १०७७ किंवा एएसटीएम एफ २०४० लिहिलेलं असतं. सेकंडहँड हेल्मेट अजिबात नको, आधी कोणाचं डोकं त्यात आपटलंय ते बाहेरून दिसत नाही. मंकी कॅप खाली घालू नका, हेल्मेट वर बसतं, कपाळ उघडं पडतं. पातळ बफ पुरतो.

नवशिक्या बोर्डवाल्यांचं सगळ्यात जास्त मोडतं ते मनगट, कारण पडताना हात आपोआप मागे किंवा पुढे जातो. म्हणून रिस्ट गार्ड घ्या, ग्लव्हजच्या आत बसणारे. आणि पडायची प्रॅक्टिस घरीच गादीवर करा, पुढे पडताना मुठी मिटून कोपरापर्यंतचा हात टेकवायचा, मागे पडताना हनुवटी छातीला आणि ढुंगणावर बसायचं, हात मागे न टेकता. त्यासाठी फोमची पॅडेड शॉर्ट मिळते, पँटच्या आतून घालायची. लोक हसतात. पहिल्या दिवशी संध्याकाळी ते उशी घेऊन खुर्चीत बसलेले असतात. गुडघ्याला व्हॉलीबॉलचे फोमचे पॅड चालतात.

गॉगलचं थोडक्यात. काचेवर एस १ ते एस ४ लिहिलेलं असतं, आकडा वाढेल तशी काच गडद. बर्फ पडत असताना, ढगाळ हवेत एस १, त्याशिवाय उताराचे खळगे दिसतच नाहीत, सगळं पांढरं सपाट. कडक उन्हात एस ३. एकच घ्यायचा तर एस २. चष्मा असेल तर चष्म्यावरून बसणारा मागा. आणि सनस्क्रीन, कारण बर्फावरून ऊन खालून पण येतं, हनुवटीखाली आणि नाकाच्या भोकांजवळ सुद्धा लावा.

७. कपडे

इथे आपली सह्याद्रीची सवय निम्मी कामाची, निम्मी घातक. थरावर थर हे आपल्याला माहीत आहे, चांगलं. पण कॉटन नको. आतला टीशर्ट, इनर, मोजे, काहीही कॉटनचं नको, घाम शोषून ओलं राहतं आणि लिफ्टवर बसलं की कुडकुडायला होतं. निफाडची चार-पाच अंशांची पहाट आणि गुलमर्गची उणे दहाची सकाळ यात नुसता आकड्याचा फरक नाही, ओलं असणं आणि कोरडं असणं याचा आहे.

आत थर्मल, मध्ये फ्लीस, बाहेर वॉटरप्रूफ जॅकेट आणि पँट. जॅकेटवर १०,०००-१०,००० असे दोन आकडे दिसतील, पहिला पाणी अडवायचा, दुसरा घामाची वाफ बाहेर सोडायचा, एवढं नवशिक्याला बास. पावसाळी ट्रेकचं साधं रेनकोट जॅकेट पाणी अडवतं पण आत तुम्ही शिजता आणि मग गारठता. पैसे कमी असतील तर जॅकेटपेक्षा पँटवर घाला, कारण बोर्डवाला दिवसातला अर्धा वेळ बर्फात बसलेला असतो, पट्ट्या लावायला बसतो, पडून बसतो, दमून बसतो. थर्मल, फ्लीस, बेसिक स्नो पँट हे सगळं डेकॅथलॉनमध्ये घालून बघता येतं, ऑनलाइन मागवायची गरज नाही.

ग्लव्हज दोन जोड्या. सारखे हात टेकून पहिली जोडी दुपारपर्यंत ओली होतेच. बोटं पटकन गार पडत असतील तर मिटन घ्या, बोटं एकत्र राहतात, गरम राहतात, फक्त मोबाइल काढता येत नाही, ते बरंच आहे एका अर्थी.

८. आता स्टाइल, म्हणजे स्वतःचा बोर्ड

पहिल्या ट्रिपला सगळ्यांची स्टाइल एकच असते, पडणं. दोन्ही कडांवर वळता यायला लागलं, एका उतारावरून न थांबता खाली येता आलं की मग विचारायचं, मला मजा कशात येतेय. आणि त्याहून महत्त्वाचं, वर्षातून किती दिवस बर्फ बघणार आहे. आठवडाभरच जाणार असाल तर बोर्ड विकत घेणं हिशोबात बसत नाही, बूट-हेल्मेट-कपडे स्वतःचे आणि बोर्ड भाड्याचा हेच कायमचं चालू द्या, त्यात कमीपणा काही नाही. परदेशात नवा बोर्ड ३५० ते ५०० डॉलर, वर बाइंडिंग १५० ते ३००, मग इकडे आणायचं भाडं आणि ड्युटी वेगळी. एवढ्यात गुलमर्गची अजून एक ट्रिप निघते.

तरी घ्यायचाच म्हणता, तर बघा. बाजूने बघितलं की बोर्डला एक वाक असतो. कँबर म्हणजे मध्ये उचललेला, दोन टोकांजवळ टेकलेला, वजन दिलं की पूर्ण कड बर्फात दाबतो, घट्ट पकड, जोरात वळायला मजा, पण चुकलं की कड अडकते आणि माणूस दाण्‌कन आपटतो. रॉकर म्हणजे त्याच्या उलट, केळ्यासारखा, टोकं वर, खोल बर्फात छान तरंगतो, कड सहज अडकत नाही, पण घट्ट बर्फावर सैल वाटतो. मधले हायब्रिड प्रकार चिकार आहेत. नवशिक्याला माझी पसंती पायाखाली सपाट किंवा थोडा कँबर आणि टोकं उचललेली, या प्रकाराला. शिकायला माफ करतो आणि पुढची दोन-तीन वर्षं छोटा पडत नाही.

आकार. दोन्ही टोकं सारखी म्हणजे ट्विन, दोन्ही दिशांना सारखाच जातो, उड्या, गोल फिरणं, उलटं चालवणं आवडणाऱ्यांचा. म्हणजे फ्रीस्टाइल, पार्क (उड्या आणि लोखंडी रेल लावून तयार केलेली जागा). डायरेक्शनल म्हणजे पुढचं टोक लांब, मागचं आखूड, एकाच दिशेला जायचा, वेग आणि खोल बर्फ आवडणाऱ्यांचा, फ्रीराइड. मधला डायरेक्शनल ट्विन, ऑल माउंटन म्हणून विकतात तो बहुतेक हाच. यूट्यूबवरचे रेलवर घसरणारे व्हिडिओ बघून पार्क बोर्ड घ्यायची हौस येते, पण भारतात जायचं ते गुलमर्गला, आणि गुलमर्गला लोक पार्कसाठी जात नाहीत. म्हणून आपल्या माणसाला ऑल माउंटन, मध्यम मऊ, कंपनीच्या दहाच्या स्केलवर चारच्या आसपास. हे स्केल प्रत्येक कंपनीचं आपापलं असतं, एकीचा चार दुसरीचा सहा असू शकतो.

ज्याला खरंच पावडरचं वेड लागलंय त्याने लांब बोर्डच्या मागे न लागता आखूड आणि रुंद बोर्ड बघावेत, नेहमीच्या लांबीपेक्षा काही सेंटीमीटर कमी आणि कंबरेला रुंद, खोल बर्फात तरंगतात आणि झाडांमधून पटापट वळतात. आहे त्याच बोर्डवर सुद्धा बाइंडिंग दोन सेंमी मागे सरकवली की बोर्डचं नाक वर राहतं आणि मागची मांडी कमी भरते. कार्व्हिंगवाल्यांचं, म्हणजे कडेवर झुकून लांब वळणं घेणाऱ्यांचं, जग वेगळं, कडक बोर्ड, पूर्ण कँबर, रोज दाबलेला रुंद उतार लागतो, आपल्याकडे फार उपयोग नाही.

बूट, बाइंडिंग, बोर्ड तिघांचा कडकपणा एकमेकांना जुळला पाहिजे. मऊ बोर्डवर रेसवाली कडक बाइंडिंग लावली तर जरा पाय हलला की बोर्ड उसळतो. खालच्या प्लॅस्टिकमध्ये एक्सट्रूडेड आणि सिंटर्ड असे दोन प्रकार, सिंटर्ड वेगवान पण सारखं वॅक्स मागतो, तुम्ही एक्सट्रूडेड घ्या. आणि मागवायच्या आधी बाइंडिंगची तबकडी बोर्डच्या भोकांना बसते का ते तपासा, चार बाय चार, दोन बाय चार या भोकांच्या मांडण्या बहुतेक सगळ्यांना चालतात, बर्टनच्या बोर्डवर मात्र भोकांऐवजी लांब खाच असते, आणि त्यांच्या काही बाइंडिंग फक्त त्या खाचेतच बसतात.

९. दोरीच्या पलीकडे

गोंडोलाच्या दुसऱ्या टप्प्यावर स्की पॅट्रोल, म्हणजे उतारावरचे गस्तवाले, सांभाळतात तो भाग आखलेला आहे, त्याच्या बाहेरचा डोंगर कोणी तुमच्यासाठी सांभाळत नाही. अव्हलांच, म्हणजे डोंगरावरून सुटणारे बर्फाचे लोंढे, येतात, माणसं जातात, फेब्रुवारी २०२३ मध्ये दोन पोलिश स्कीअर गेले, फेब्रुवारी २०२४ मध्ये एक रशियन.  बाहेर जायचं तर प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा सिग्नल शोधणारं यंत्र), प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) आणि फावडं, आणि ते वापरायचा सराव, कारण गाडलेल्या माणसाला पहिली दहा-पंधरा मिनिटंच खरी असतात आणि तेवढ्यात खालून मदत पोचत नाही, शेजारचा मित्रच काढतो. हे वाचून "नुसतं फावडं ठेवतो बॅगेत" असं कोणी म्हणत असेल तर त्याने आत राहावं.

१०. नेणं आणि ठेवणं

ओझरहून दिल्ली, पुढे श्रीनगर असं विमानाने जाणार असाल तर साधारण पंधरा किलोची मर्यादा लक्षात घ्या, बोर्डची लांब बॅग बहुतेक वेळा खेळाचं सामान म्हणून वेगळी धरतात, तिकीट काढतानाच बुक करा, काउंटरवर दुप्पट जीव जातो. बूट केबिनच्या बॅगेत न्या. सामान एक दिवस उशिरा आलं तर बोर्ड भाड्याने मिळेल, तुमच्या पायाचा बूट नाही. रेल्वेने दिल्लीपर्यंत जाणार असाल तर बोर्ड सीटखाली आडवा जातो, कडांना जुन्या सायकलची ट्यूब उभी चिरून चढवा, दुसऱ्यांच्या पायांना लागत नाही आणि कड पण वाचते.

परत आल्यावर बोर्ड पुसून घरातच वाळवा. एप्रिलमध्ये गच्चीवर किंवा बंद गाडीत ठेवला तर थर सुटायला लागतात. खालच्या बाजूला वॅक्सचा जाड थर देऊन तसाच ठेवायचा, खरवडायचा तो पुढच्या सीझनला. वॅक्सला जुनी इस्त्री चालते पण मग ती कपड्यांना पुन्हा वापरायची नाही, आणि धूर निघत असेल तर इस्त्री जास्त तापलीये. बाइंडिंगचे स्क्रू सैल करून ठेवा. खरा शत्रू पावसाळा, जून ते सप्टेंबर कडांवर गंज चढतो, म्हणून कडांना तेलाचा हलका हात फिरवा, बॅगेची चेन उघडी ठेवा आणि गणपतीच्या आसपास एकदा काढून बघा, गंज दिसला तर बारीक पॉलिश पेपरने तेव्हाच घासून टाका.